चौथ्या चाकाची रेघ

१

कडेगावातून विट्याच्या रस्त्याला लागलं की पहिल्या वळणावर लालासाहेबांचं गॅरेज. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब, मागं घर. सकाळी शटर वर करायचं, उदबत्ती लावायची आणि कालचं काम जिथं सोडलं तिथं जाऊन उकिडवं बसायचं, हा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. फौजेच्या वर्कशॉपात हवालदार होते, पेन्शन घेऊन आले आणि इथं बसले ते बसलेच.

त्या सोमवारी मात्र बसायच्या आधी त्यांची परीक्षा झाली. शिवांजलीनं, त्यांच्या लेकीनं, बाकड्यावर परात ठेवून त्यात चार तऱ्हेचे नट मांडले होते आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आबा, आज ठरवायचं. रविवारी रॅली हाय. शनिवारी शिरवळला गाडी तपासणीला लावायची. हबला कुठला नट घालायचा?"

आता हबनट म्हणजे काय ते सांगायला हवं. चाक ज्या लोखंडी गाभ्यावर चढवतात तो हब, आणि त्या हबला गाडीशी धरून ठेवतो तो हा एकटा नट, बाळाच्या मुठीएवढा. चाकाचे बाहेरचे बोल्ट सगळ्या दुनियेला दिसतात, हा बिचारा मधल्या टोपणाखाली दडलेला असतो. तो सुटला की हबसकट चाक जातं. म्हणून त्याला काहीतरी कुलूप लागतं, आणि कुठलं कुलूप बरं यावर मेकॅनिक लोक जेवण विसरून भांडतात.

लालासाहेबांनी चष्मा चढवला. पहिला नट उचलला, आत प्लॅस्टिकची कडी असलेला. "ह्यो फेक. उतारावर ब्रेक तापलं की कडी वितळती. घाल तुझ्या स्कूटीला."

"बरं. ह्यो?"

"गळ्याचा. ह्येचा काठ पंचनं खाचेत ठोकायचा, मग हलत न्हाई. चांगलाय. पर एकदा काढला की फेकायचा. आपली लोकं त्योच उलटापालटा करून परत ठोकत्यात. लय शाणी लोकं आपली."

"आणि ह्यो खाचांचा, कॉटर पिनचा?"

"ह्यो जुना भिडू. पर पिन घालायची तर भोक समोर याय पायजे. येत नसलं की माणूस नट जराऽऽसा मागं घेतो. त्या जराशात जीव जातो, पोरी."

चौथा नट तिनं स्वतः बाहेरच्या देशातून मागवला होता. त्याच्या पोटात एक पोलादी कडी होती आणि ती नटाच्या आतल्या दातांवर चपखल बसत होती. लालासाहेबांनी तो दहा वेळा फिरवून बघितला. नट फर्मास होता, पण लेकीसमोर तसं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. "बघू," एवढंच म्हणाले.

शिवांजली हसली, आणि मग हसायची थांबली. "आबा, मी गाडीत बसणार ती तुमी बसवलेल्या नटावर. दुसऱ्या कुणाच्या न्हाई. तुमी न्हाई म्हनला तर मी जाणार न्हाई."

लालासाहेब परातीकडं बघत राहिले. चार वर्षांमागं पवनचक्क्यांच्या पठारावर अशाच एका रॅलीत पुढचं डावं चाक हबसकट निघालं होतं. गाडी चालवत होता वीरधवल, त्यांचा थोरला. शेजारच्या जागेवर वही घेऊन वळणं सांगायला बसली होती ही शिवांजली. तिच्या गळ्याचं हाड मोडलं, ते सांधलं. वीरधवल मात्र तिथंच गेला. आता हे उरलेलं लेकरू त्याच पठारावर, त्याच्या जागेवर बसायला निघालं होतं, आणि बापाला विचारत होतं की आबा, नट कुठला घालायचा.

२

या गॅरेजात एक नेम होता, फौजेतून आणलेला. नट एकानं आवळायचा, खूण दुसऱ्यानं करायची. आवळणाऱ्यानं आपल्याच कामावर खूण करायची नाही, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

आवळायचे लालासाहेब. तपासून खूण करायचा तानाजी. तानाजी म्हसवडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि लालासाहेबांच्याच युनिटमधला. नट आवळताना आणि तपासताना चाक फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर आतलं बेअरिंग नीट बसत नाही. पाना 'टक' करून सांगतो की पुरे झालं, पण चाक फिरत नसलं तर ते खोटं टक असतं. तर चाक फिरवायचं काम वीरधवलचं. शाळेत जायच्या आधीपासून तो तळहातानं चाक फिरवायचा, आणि रॅलीत नाव झालं, पेपरात फोटो आला, तरी घरी आला की चाकापाशी मांडी घालून बसायचा. "ही माझी नोकरी हाय," म्हणायचा.

तानाजीची एक खोड होती. तपासताना लालासाहेबांनी बघितलेलं त्याला चालायचं नाही. "लाला, पाठ कर रं. तू बघाय लागलास की माझा हात तुझ्या बाजूनं जातो." मग लालासाहेब पाठ करून उभे राहायचे आणि मागून आवाज यायचा. टक. टक. टक. तीनदा. मग आगकाडी रंगात बुडवून नटावरून दांड्यावर एक रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक टिंब. नट केसभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. रंग पिवळा, घरच्या मेंढरांच्या पाठीवर लावायचा, आणि ते टिंबसुद्धा त्याच्या घरच्या मेंढरांचंच. दुसऱ्याच्या कळपात आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या आज्जानं सुरू केलेलं.

तानाजी आता नव्हता. अपघातानंतर तो म्हसवडला परत गेला आणि वर्षाच्या आत वारला. पिवळ्या रंगाचा एक थेंब गॅरेजात राहिला नव्हता. लालासाहेबांनी स्वतः तो डबा त्याच्या सामानात घालून पाठवून दिला होता.

सोमवारी दुपारपर्यंत लालासाहेबांनी चारी हबांना गळ्याचे नवे नट बसवले, पंचनं ठोकले, हात धुतले आणि जेवायला घरात गेले. शिवांजली टायर आणायला कराडला गेली होती. शटर अर्धं खाली होतं. भाकरी खाल्ली, जरा पाठ टेकली, अर्ध्या तासानं परत आले.

गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेली तशीच होती. मागच्या उजव्या चाकापाशी ते बसले आणि टोपण घालायला हात पुढं केला, तो हात तिथंच थांबला. नटावरून दांड्यावर एक पिवळी रेघ होती. टोकाला टिंब.

मागच्या डाव्यावर होती. पुढच्या उजव्यावर होती. पुढच्या डाव्याच्या नटावर काहीच नव्हतं, कोरं चकचकीत लोखंड.

लालासाहेबांनी बोट लावलं. बोटाला पिवळं लागलं. अजून ओलं होतं.

३

पहिला संशय लेकीवर. ते साहजिकच होतं.

"ह्यो चावटपणा कुणाचा, शिवा?"

"कसला?" ती टायर उतरवत होती. रेघा बघितल्या आणि म्हणाली, "तुमीच केल्या न्हवं? मला वाटलं, चला, आबांनी तानाजीकाकांचा रंग परत काढला."

तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं की ती खरं बोलतीय. मग लालासाहेबांनी आपल्याच डोक्याला कामाला लावलं. माणसाचं वय होतं, हात जुन्या सवयीनं काम करतो, डोकं विसरतं. असं होत असेल. शेजारच्या रंगाच्या दुकानातून आपणच डबी आणली असेल आणि विसरलो असू. ते दुकानात जाऊन विचारून आले. दुकानदार म्हणाला, आवं हवालदार, तुमी तर दिवाळीपासनं हिकडं फिरकलाच न्हाईसा.

मंगळवारी त्यांनी पुढच्या डाव्याचा गळ्याचा नट काढला, फेकला, आणि खाचांचा घातला. भोक पहिल्या झटक्याला समोर आलं, पिन सुळकन गेली, असं दैव क्वचित लागतं. जेवून आले. तीन चाकांवर रेघा होत्या तशाच. चौथं कोरं.

घरात मात्र तपासणी सुरू झाली होती. सकाळी त्यांनी गॅसची टाकी बदलली, तर दुपारी रेग्युलेटरच्या कडेवर पिवळी रेघ आणि टिंब. मोरीतला नळ गळत होता तो आवळला, तर नळावर. लोणच्याची बरणी बायकोच्या मागं तेच भरायचे, तेच झाकण लावायचे. जेवताना बरणी पुढं ओढली तर झाकणावरून काचेवर रेघ ओढलेली, आणि टिंब. लालासाहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी जे जे हातानं नीट बंद केलं होतं, त्याच्या मागून कुणीतरी येत होतं आणि तपासून जात होतं. सगळं पास करत होतं. फक्त ते एक चाक सोडून.

तानाजी हयात असताना कोरा सोडलेला नट म्हणजे एकच गोष्ट. ह्या गाडीत माणूस बसवू नका.

बुधवारी त्यांनी लेकीनं मागवलेला तो चौथा नट काढला. काय करणार, आता मान कुठं उरला होता! कडी दातांवर बसली, खट्‌ आवाज आला. नव्या पान्यानं आवळला, पाना टक म्हणाला. "घे, आता काय खोट काढतोस?" असं ते मोठ्यानं बोलून गेले, आणि कुणाला बोललो हे ध्यानात येऊन त्यांचे कान गरम झाले.

त्या दुपारी त्यांनी जेवायचं नुसतं निमित्त केलं. घरात गेले, ताट न वाढताच पाच मिनिटांनी परत फिरले आणि अनवाणी पायांनी शेडच्या मागच्या दारातून आत आले. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता. कडुलिंबावर होला घुमत होता, तो मधेच थांबला. गाडीपाशी कुणी नव्हतं.

पुढचं डावं चाक फिरत होतं.

जोरात नाही. कुणीतरी तळहातानं फिरवून हात काढून घ्यावा आणि चाकानं आपल्या लयीत मंद होत जावं, तसं. सुर्रर्र असा बारीक आवाज.

लालासाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले. भीतीनं नव्हे, खोटं कशाला बोला, भीतीही होतीच. पण चार वर्षांत त्यांना फिरतं चाक बघवत नव्हतं, ह्या बाजूचं तर नाहीच. त्या दिवशी ते वळणावर उभे होते. धूळ उठली, आरडाओरडा झाला, आणि धुळीतून ते चाक एकटंच बाहेर आलं. फिरत फिरत त्यांच्या पायाजवळून गेलं आणि मटकीच्या रानात जाऊन आडवं पडलं. आडवं पडल्यावरसुद्धा फिरतच होतं. त्याकडं बघत राहण्यात त्यांची जी चार-दोन पळं गेली, ती पळं त्यांना अजून कुणी परत दिलेली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा चाक थांबलं होतं. नट कोराच होता.

४

गुरुवारी ते म्हसवडला गेले. लेकीला सांगितलं, सिद्धनाथाला जाऊन येतो.

तानाजीचं घर गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. दारात सात-आठ मेंढरं बसलेली, सगळ्यांच्या पाठीवर लाल रंग. लालासाहेबांनी आधी रंगच बघितला. सुलाबाई, तानाजीची बायको, दारात येऊन उभी राहिली.

"या, भावजी," ती म्हणाली. "चार वर्सांनी वाट सापडली म्हनायची."

आत गेले. भिंतीवर तानाजीचा फौजेतल्या वर्दीतला फोटो होता. लालासाहेब फोटोकडं पाठ होईल असे बसले. चहा आला. काय विचारायचं ते त्यांनी वाटेत घोकलं होतं.

"वहिनी, तानाजीचा त्यो पिवळा रंग… मेंढरांचा… कोन वापरतंय का आता?"

"आता लाल लावतो आमी. त्येंच्या मागारी पिवळ्याला कुनी हात लावला न्हाई." ती उठली आणि माळ्यावरून एक पोतं ओढून काढलं. पोत्यात तानाजीचा टक पाना होता, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला, आणि तो डबा. झाकण गंजून बसलं होतं. लालासाहेबांनी पान्याच्या टोकानं उचकटलं. आत रंग कधीच वाळून त्याचा दगड झाला होता आणि मधोमध उभी चीर गेली होती.

त्यांनी डबा खाली ठेवला. हात मांडीवर पुसले, उगीचच.

"मरायच्या आधी महिनाभर एकच बोलत हुते बघा," सुलाबाई म्हणाली. "म्या त्या नटावर रेघ वडली न्हाई. माझ्या रेघंला टिंब असतंय, त्या रेघंला टिंबच न्हवतं. सगळी म्हनायची, धुळीत पुसलं असंल टिंब. पेपरात आलं मेकॅनिकची चूक. म्हसवडात माणसं ह्येंच्याकडं सायकलसुदिक आणंनात. पर तुमच्यावर कवा राग धरला न्हाई त्येंनी. म्हनायचे, लाला सांगंल. पोरगं गेलंय त्येचं, आता त्येला सुदरत नसंल. पर सांगंल कवातरी. मी वाट बगतो."

लालासाहेबांची नजर परत त्या डब्यावर गेली. त्या रॅलीत मधल्या थांब्यावर दहा मिनिटं मिळाली होती. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलायचं होतं. तानाजी टँकरवर पाण्याची कॅन भरायला गेला होता. वीरधवल हेल्मेट घालून, पट्टे बांधून जागेवर बसला होता, शेजारी शिवांजली वहीत डोकं घालून होती, आणि तो ओरडत होता, आबा, चला, चला! नट आवळला, पाना टक म्हणाला. तानाजी दिसेना. मग लालासाहेबांनी त्याचा डबा उचलला आणि आगकाडीनं रेघ स्वतः ओढली. टिंबाचं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. पुढं तपास करणाऱ्या साहेबानं तो सापडलेला नट समोर धरून विचारलं, खूण कोण करतं? लालासाहेब म्हणाले, खूण तानाजी करतो. शब्दानं ते खोटं बोललेच नव्हते. त्या तीन शब्दांवर त्यांनी चार वर्षं काढली होती, आणि त्याच तीन शब्दांनी एक माणूस खाटेला खिळून गेला होता.

हे सगळं आता, ह्या घरात, ह्या बाईला सांगायचं होतं. तोंड उघडलं. "चहा चांगला झालाय," असं निघालं.

सुलाबाईनं त्यांच्याकडं एकवार बघितलं. मग पाना परत फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला. "न्या. हितं त्येचा काय उपेग? तुमच्या लेकीच्या कामाला यील."

येताना त्यांनी गोंदवल्याच्या पुढं गाडी थांबवली, बाटलीतलं पाणी प्यायले, टोपण घट्ट लावलं आणि बाटली शेजारच्या सीटवर टाकली. विटा जवळ आल्यावर परत तहान लागली. बाटली उचलली, तर टोपणावरून खाली पिवळी रेघ आणि टिंब. गाडीत ते एकटेच होते, काचा वर होत्या. उरलेली वाट त्यांनी शेजारच्या सीटकडं न बघता काटली, आणि वाटेत दोनदा त्यांना रडू फुटलं.

५

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास शिवांजली हेल्मेट पुसत बाकड्याला टेकून उभी होती. "आबा, उद्या सकाळी सातला निघायचं. चौथ्यावर रेघ कवा वडणार?"

लालासाहेब स्टुलावर बसले होते, त्या चाकाकडं पाठ करून. चार वर्षं ते असेच बसत आलेत हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"रेघा मी वडलेल्या न्हाईत, शिवा," ते म्हणाले. "आणि चार वर्सांमागं जी वडली, ती तानाजीनं न्हाई. मी."

एकदा बांध फुटल्यावर सगळं आलं. टँकर, कॅन, हेल्मेट, आगकाडी, साहेब, ते तीन शब्द. शिवांजलीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिचा हात गळ्याच्या हाडावर गेला, जिथं ते सांधलं होतं तिथं. लालासाहेबांना वाटलं, आता ही ओरडेल, निघून जाईल. जावं तिनं. पण ती मेकॅनिकची लेक होती. तिनं आधी कामाचं विचारलं.

"नट आवळताना चाक फिरवलं हुतं का, आबा?"

"न्हाई. फिरवणारा पट्टं बांधून आत बसला हुता."

"म्हणजे टक खोटं हुतं."

"खोटं हुतं."

तिनं हेल्मेट बाकड्यावर ठेवलं. मग हळू म्हणाली, "आणि आता? ह्या चार दिसांत हेच चाक तुमी तीनदा आवळलं. कवा फिरवलंसा का?"

लालासाहेबांनी आठवून बघितलं. बाकीच्या तिन्ही चाकांना उजव्या हातात पाना आणि डावा हात टायरवर, फिरवत. ह्या चाकाला डावा हात कुठं होता? गुडघ्यावर. तिन्ही वेळा गुडघ्यावर. ते चाक फिरलेलं बघायला लागू नये म्हणून हातानं परस्पर आपलं ठरवलं होतं, आणि मालकाला पत्ता नव्हता. चार तऱ्हेचे नट पारखून झाले होते. नटात काही खोट नव्हतीच.

"मी तुला त्याच्यावर बसवाय निघालो हुतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "दुसऱ्यांदा. आगं, दुसऱ्यांदा मी…"

शिवांजलीनं डोळे पुसले नाहीत. खिशातून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू करून त्यांच्यासमोर धरला. "मला सांगून भागत न्हाई. त्यांना सांगा."

पलीकडं मेंढरांचा आवाज आला. मग सुलाबाईचा. "कोन बोलतंय?"

"वहिनी, मी लाला." त्यांनी एका दमात सांगितलं. "ती रेघ मी वडली हुती. तानाजीला ठावंबी न्हवतं. त्येचा काय दोष न्हाई. न्हवताच. मी उद्या शिरवळला सगळ्यांसमोर सांगनार हाय, आणि मग म्हसवडला यिऊन चावडीत सांगनार हाय."

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लय उशीर केलासा, भावजी," सुलाबाई म्हणाली. ती रडत होती. "लय उशीर केलासा." आणि फोन बंद झाला.

होला घुमायचा थांबला. लालासाहेबांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, चाक फिरायला लागलं.

सुर्रर्र.

ते उठायला गेले. शिवांजलीनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. ती त्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ती नजर काढत नव्हती.

"वळू नका, आबा," ती कुजबुजली. "पाठ करून बसा."

बाकड्यावर म्हसवडहून आणलेलं फडकं पडलं होतं. फडकं रिकामं होतं. मागून नटावर पाना चढल्याचा आवाज आला. मग लोखंडाचं बारीक करकरणं. नट पुढं सरकत होता. पाव फेरा, अजून थोडा. चाक फिरतच होतं. लालासाहेबांनी मांड्या घट्ट धरल्या. घामाचा वास, ग्रीसचा वास, आणि मेंढराच्या लोकरीचा.

टक. टक. टक.

मग आगकाडी खरवडल्यागत एवढासा आवाज. मग काही नाही.

शिवांजलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि लालासाहेबांना कळेना, कारण तिच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. तान्हं मूल झोपेत हसलं की बायामाणसं जशी बघतात, तशी ती बघत होती. तिनं एक हात अर्धवट वर केला, कुणाचा तरी निरोप घेतल्यासारखा, आणि तो तसाच राहिला.

"गेला?" लालासाहेबांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"तानाजीच हुता न्हवं?"

"काकांच्या हातात पाना हुता," ती म्हणाली. "दोन्ही हात पान्यावर हुते त्यांचे."

पत्रा कडकडला.

"मग चाक कोन फिरवत हुतं?"

शिवांजलीनं ओठ दाबून धरले. खाली बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं.

चार वर्षं ज्याचं तोंड एकदा दिसावं म्हणून ते रोज उदबत्तीपुढं हात जोडत होते, तो पाठीमागं मांडी घालून बसला होता, आणि ह्या खेपेला लालासाहेबांनी नेम पाळला होता, वळून बघितलं नव्हतं. ते मोठ्यानं रडले. रडून झाल्यावर त्यांनी लेकीचं डोकं अलगद बाजूला केलं आणि स्टूल फिरवून वळले.

नटावर रेघ होती, ओली पिवळी, टोकाला टिंब. चाक अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत लालासाहेबांनी डोळे मिटले नाहीत.